तिन्ही गिटारी तूर्त विचाराधीन

भुईगावच्या स्टॅनी तुस्कानोने इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायचं ठरवलं, यात प्रथमदर्शनी आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. माणूस सरळमार्गी, वय निवृत्तीला टेकलेलं, रविवारची मिस्सा सहसा न चुकवणारा. तरुणपणी चर्चच्या सणाला उसन्या गिटारीवर चार गाणी वाजवून त्याने टाळ्याही घेतल्या होत्या. शिवाय कारण सबळ होतं. त्याची एकुलती एक लेक टिफनी हिचं लग्न गास गावच्या ॲलिस्टरशी ठरलं होतं. मुलीने बापाकडे ना दागिना मागितला, ना परदेशची सहल. "डॅडी, केक कापल्यावर आमचा पहिला डान्स असेल ना, त्याला तू वाजव. मला झोपवताना वाजवायचास ते," एवढंच ती म्हणाली.

ते म्हणजे स्टॅनीने स्वतःच जुळवलेली एक चाल. टिफनी लहानपणी काही केल्या झोपायची नाही, तेव्हा तो मित्राची इलेक्ट्रिक गिटार वीज न लावताच मांडीवर घेऊन हळूहळू छेडत बसायचा. पुढे मित्र गिटारीसकट कॅनडाला गेला, चाल तेवढी स्टॅनीच्या बोटांत राहिली. लेकीने ती इतकी वर्षं लक्षात ठेवली, या विचाराने त्याला भरून आलं. "वाजवतो. शब्द देतो तुला," असं म्हणून तो मागच्या वाडीत गेला आणि उगाचच केळीची सुकी पानं काढत बसला.

इथवर सगळं उत्तम होतं. बिघडलं ते पुढे, आणि त्यात स्टॅनीचा दोष एवढाच की तो आयुष्यभर एका निमसरकारी कार्यालयाच्या खरेदी विभागात होता. तिथे त्याच्या नावाचा दरारा होता. त्याने हाताळलेल्या एकाही खरेदीवर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला नव्हता, कारण त्याने हाताळलेली एकही खरेदी तेवढी पुढे गेली नव्हती. कार्यालयासाठी पंखे घ्यायचे होते. पंख्यांची तुलना चालू असताना एसीचा जमाना आला, मग एसींची तुलना सुरू झाली, आणि कर्मचारी अजून जुन्या फायलींनी वारा घेत होते. वारा फार लागत नसे, पण प्रक्रिया निर्दोष होती.

सातिवलीला सुजय नावाच्या तरुणाचं गोदाम होतं. नावाजलेल्या कंपन्यांच्या गिटारी कुठेही मिळतात. सुजय आणायचा त्या आडबाजूच्या, फारसं कुणी नाव न ऐकलेल्या कारखान्यांच्या, पण आजोबांच्या जमान्यातल्या धाटणीच्या. त्याने स्टॅनीपुढे तीन ठेवल्या. पहिली ऑर्लंडा, विटकरी रंगाची, पोटातून अर्धी पोकळ, जाडसर उबदार आवाजाची. दुसरी किमुरास्टार, समुद्री हिरवी, अंगभर बटणं, आवाज लख्ख आणि थोडा अवखळ. तिसरी वॉल्ट्झमन, मळकट पिवळी. ती नवीकोरी होती, पण जुनी दिसावी म्हणून कारखान्यातच घासून तिच्या रंगाचे पोपडे काढलेले होते, आणि त्याचे वेगळे पैसे होते.

"अंकल, ॲम्पला जोडून देतो, बिनधास्त वाजवा," सुजय म्हणाला.

स्टॅनीने ऑर्लंडा मांडीवर घेतली आणि ती चाल छेडली. त्याच्या अंगावर काटा आला. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनत होत्या, तिथलं मशीनसुद्धा कुणीतरी बंद केलं.

"पॅक करू?" सुजयने विचारलं.

साधा माणूस असता तर "कर" म्हणाला असता, आणि ही गोष्ट इथेच संपून तुमचा वेळ वाचला असता. स्टॅनी म्हणाला, "बाकीच्या दोन?" त्याने किमुरास्टार वाजवली. पुन्हा काटा आला. वॉल्ट्झमन वाजवली, पुन्हा काटा. तिथे तो कायमचा अडकला. तीन निविदा, तिन्ही पात्र. आता कुठला काटा सरस, हे ठरवल्याशिवाय पुढे जाणं नियमात बसत नव्हतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला, लविनाला, मोबाईलवर तिन्हींचे फोटो दाखवले.

"ही पोपडेवाली महाग का?" लविनाने विचारलं.

"ती जुनी दिसते ना."

"मग आपली मागची भिंत विकायला काढ. खाऱ्या वाऱ्याने फुकटात झालीये तशी," ती म्हणाली आणि फोन परत करून आत गेली. "स्टॅनी, कुठलीही घे. पोरगी नाचणार आहे, तपासणार नाहीये."

हे मत तांत्रिक स्वरूपाचं नसल्यामुळे स्टॅनीने विचारात घेतलं नाही. त्याला जाणकार माणूस हवा होता, आणि तो शेजारीच राहत होता. गुरुदत्तची सोनचाफ्याची वाडी होती. त्याने गिटार कधी हातात धरली नव्हती, पण तुलनेच्या क्षेत्रात त्याचा मोठा अधिकार होता. वाडीसाठी मोटरपंप कुठला घ्यावा यावर तो कितीतरी उन्हाळे अभ्यास करत होता आणि तोवर चाफ्याला पलीकडच्या वाडीतून पाणी घेत होता. त्या वाडीवाल्याने पंप न बघता घेतलेला, याची गुरुदत्तला मनापासून कीव यायची.

"घाई नको," गुरुदत्त गंभीरपणे म्हणाला. "एकदा घेतली की मग तुलना करता येत नाही. नुसती वाजवत बसावी लागते."

स्टॅनीला हे वाक्य फार खोल वाटलं.

त्याच आठवड्यात चर्चमध्ये टिफनीच्या लग्नाची पहिली घोषणा झाली. गावची रीतच आहे. लग्न ठरलं की रविवारच्या मिस्सेत वधूवरांची नावं वाचतात आणि या विवाहाला कुणाची हरकत असल्यास कळवावी म्हणतात. असं तीन रविवार चालतं. हरकत कुणी घेत नाही. आजवर गावात कुणाच्या लग्नाला चकार शब्द निघाला नव्हता, आणि काही जोडपी पाहता तो निघायला हवा होता. बाकावर बसल्या बसल्या स्टॅनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्यभराच्या निर्णयासाठी मंडळींनी इतकी निर्दोष पद्धत तयार करून ठेवलेली, आणि आपण ती गिटारीला वापरत नाही?

मिस्सा सुटल्यावर तो फाटकाबाहेर चिंचेखाली उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मंडळी, भुईगावचा स्टॅनी तुस्कानो आणि ऑर्लंडा, मूळ राहणार परदेश, सध्या मुक्काम सातिवली, यांच्या नियोजित संबंधास कुणाची हरकत असल्यास स्टॅनीच्या ओट्यावर येऊन कळवावी. ही पहिली घोषणा."

लविनाने पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. फादर गाडीत बसता बसता थांबले, काही बोलणार होते, पण मग त्यांनी काच वर केली.

संध्याकाळपर्यंत ओट्यावर चपला मावेनात. मुलीच्या लग्नाला ज्यांची एक हरकत नव्हती, त्यांना गिटारीविषयी किती बोलू आणि किती नको असं झालं. समुद्राच्या हवेने तिची मान वाकेल, असं एकाने सांगितलं. ती पोकळ आहे, तेव्हा आत उंदीर शिरेल, ही दुसऱ्याची रास्त भीती. विटकरी रंग स्टेजच्या पडद्यावर उठून दिसणार नाही, असं करवल्यांचं एकमत झालं. एका गृहस्थाच्या वांद्र्याच्या साडूने अशीच काहीतरी घेतली होती, तेव्हापासून त्याचे गुडघे धरलेले. हरकती गंभीर होत्या, त्यामुळे पुढच्या रविवारी किमुरास्टारची घोषणा झाली आणि त्याच्या पुढच्या रविवारी वॉल्ट्झमनची. ओटा कमी पडू लागला तेव्हा स्टॅनीने मांडव घातला. मांडव लग्नाचा समजून दोन घरची माणसं आहेर घेऊन आली आणि हरकत नोंदवून गेली.

एवढ्या हरकतींची छाननी एकट्या माणसाला झेपणारी नव्हती. रीतसर समिती स्थापन झाली. स्टॅनी अध्यक्ष, गुरुदत्त तांत्रिक प्रमुख, आणि ज्याची ज्याची हरकत होती तो प्रत्येक जण सभासद. समितीचं पहिलं काम म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी. रंग बघून मत बनू नये म्हणून सुजयच्या गोदामात सगळ्यांनी डोळ्यांना रुमाल बांधले आणि सुजयने आळीपाळीने तिन्ही गिटारी वाजवल्या. पण गुरुदत्तने मूलभूत त्रुटी दाखवून दिली. आवाजावरून कोणती गिटार ते लगेच ओळखू येत होतं! त्यामुळे पूर्वग्रह डोळ्यांऐवजी कानांतून आत शिरत होता. दुसऱ्या फेरीत सभासदांनी कानांत कापसाचे बोळेही घातले. सुजयने जीव तोडून वाजवलं. निकाल एकमताने लागला: तिन्ही गिटारींत कसलाही फरक जाणवत नाही.

"म्हणजे कुठलीही घ्या ना, अंकल," सुजय घाम पुसत म्हणाला.

"फरक नसेल तर निवडायची कशाच्या आधारे?" स्टॅनीने विचारलं. प्रश्न आधीपेक्षा बिकट झाला होता, आणि सभासद खूश होऊन घरी गेले.

या शिस्तबद्ध कामात पहिला गोंधळ घातला तो युजीनने. युजीन म्हणजे लविनाचा धाकटा भाऊ, टिफनीचा मामा, आणि समितीचा सभासद. एका सकाळी त्याला सातिवलीला काहीतरी काम होतं. येताना तो किमुरास्टार घेऊन आला.

"का घेतलीस?" समितीने त्याला विचारलं.

"हिरवी होती," युजीन म्हणाला.

गुरुदत्तने पाणी मागितलं. मग बराच खल होऊन ठराव झाला की ज्याने गिटार घेतली त्याचे तिच्यात हितसंबंध निर्माण झाले, सबब तो तुलना करण्यास कायमचा अपात्र आहे. युजीनला काढून टाकलं. त्याने फारसं मनावर घेतलं नाही. संध्याकाळी तो पडवीत बसून वाजवायचा आणि समुद्रावर फिरायला निघालेली माणसं त्याच्या कुंपणाशी थबकायची. तो चुकायचा, हसायचा, पुन्हा वाजवायचा. एकदा एका सभासदाने चोरून विचारलं, कशी आहे? युजीन म्हणाला, "मस्त." ही साक्ष समितीपुढे आली तेव्हा ती फेटाळण्यात आली. समाधानी माणसाचं मत ग्राह्य धरू नये, असा पोटनियम त्याच दिवशी झाला.

या पोटनियमाची कीर्ती वाऱ्यासारखी पसरली. पालघरहून माणसं येऊ लागली, डहाणूहून येऊ लागली. कुणाला फ्रिज घ्यायचा होता, कुणाला स्कूटर, एकाला तर फक्त छत्री. न घेता राहावं कसं, हे शिकायला सगळे भुईगावला येत. स्टॅनीचे व्हिडिओ निघाले. त्यात तो हातात काहीही न धरता तासतासभर गिटारींवर बोलायचा, आणि खाली लोक लिहायचे, 'सर, तुमच्यामुळे मी यंदाही काही घेतलं नाही, देव बरं करो.' विरारला एका सभागृहात शाल-श्रीफळ देऊन त्याचा 'गिटारमहर्षी' म्हणून सत्कार झाला. सत्कारमूर्तींनी दोन सूर वाजवून दाखवावेत, अशी सूचना मागच्या रांगेतून आली, तेव्हा त्या इसमाला स्वयंसेवकांनी बाहेर नेलं.

आणि खरं सांगायचं तर स्टॅनी सुखात होता. फायली हलवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाकडे लोक मान वर करून बघत होते, ते त्याला आवडत होतं. फक्त टिफनी समोर आली की तो उगाचच मांडवाच्या दोऱ्या आवळू लागायचा.

"डॅडी, वाजवशील ना?" ती विचारायची.

"अंतिम टप्प्यात आहे, बाळा."

"मला कुठलीही चालेल. तू वाजव फक्त."

"कुठलीही म्हणू नये," स्टॅनी हळूच म्हणायचा. टिफनी त्याच्या बोटांकडे बघायची. ती बोटं मऊ पडली होती, आणि ते दोघांनाही कळत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र त्याचा धीर सुटला. मांडवात बायका भाजी चिरता चिरता गाणी म्हणत होत्या, लविना येईल त्याला पाणी-सरबत विचारत होती, आणि टिफनी मेंदीचे हात वर धरून खुर्चीत बसली होती. स्टॅनीने तिला पाहिलं आणि चप्पल शोधायला न थांबता स्कूटर काढली. सातिवलीला पोचून तो धापा टाकत म्हणाला, "सुजय, दे."

"कुठली, अंकल?"

"ती... म्हणजे ती... तू दे कुठलीतरी!"

सुजयने आनंदाने ऑर्लंडा काढली, पुसली, पट्टा लावला. स्टॅनीने हात पुढे केले. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्या आणि त्यांतून समिती उतरली. गुरुदत्तच्या डोळ्यांत पाणी होतं.

"स्टॅनी, घे तू. आमचं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "फक्त अध्यक्षपद रिकामं होईल. ठरावच तसा आहे, आपणच केलेला. उद्यापासून तू युजीनसारखा."

"मग नुसती वापरायला न्या, अंकल," सुजय कळवळून म्हणाला. "लग्न झालं की परत करा. एक रुपया देऊ नका."

"उसनी घेतली तरी हात लागतोच," गुरुदत्तने मान हलवली. "हात लागला की माया जडते."

स्टॅनीने एकदा ऑर्लंडाकडे पाहिलं, एकदा समितीकडे. माणसं सत्काराच्या दिवशी बघत होती तशीच बघत होती. त्याला लाज वाटत होती आणि त्याचे हात खाली येत होते, दोन्ही एकाच वेळी. तो रिकाम्या हाताने स्कूटरवर बसला आणि वाटभर स्वतःला समजावत राहिला की उद्या संध्याकाळपर्यंत पुष्कळ वेळ आहे.

गासच्या मैदानात रिसेप्शन थाटात झालं. केक कापला गेला. बँडने वाद्यं खाली ठेवली. माईकवरच्या माणसाने जाहीर केलं, "आता वधूचे वडील, आपले गिटारमहर्षी, पहिल्या डान्ससाठी वाजवणार!" मैदान टाळ्यांनी दुमदुमलं. ॲलिस्टरने टिफनीचा हात हातात घेतला आणि दोघं मधोमध येऊन उभी राहिली. पांढऱ्या गाऊनमध्ये ती स्टेजकडे बघून हसत होती.

स्टॅनी स्टेजवर चढला. शेजारी युजीन हिरवी किमुरास्टार गळ्यातून काढून उभाच होता. "घे दाजी, जोडलेली आहे. वाजव," तो कुजबुजला.

स्टॅनीचा हात पुढे गेला. पहिल्या दोन रांगा समितीने भरल्या होत्या आणि तिथे एकदम खुर्च्या सरकल्या. आता अध्यक्षांनी किमुरास्टार हाती घेतली तर तो निकालच झाला असता, आणि तोही बाकी दोघींची बाजू न ऐकता. हात मध्येच थांबला. खाली टिफनी अजून हसत होती, पण आता जरा कमी.

मग स्टॅनीने डोळे मिटले आणि माईक तोंडाजवळ धरून ती चाल तोंडानेच वाजवायला सुरुवात केली. टिंव, टिंव, टँव, टिरिरी टँव. आधी लोक हसले. मग गप्प झाले. त्याच्या आवाजात ती सगळी रात्रीची जागरणं होती, मांडीवरची गिटार होती, न झोपणारी पोर होती. टिफनीने ॲलिस्टरच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि दोघं हळूहळू फिरू लागली. लविना तोंडावर रुमाल धरून रडत होती. स्टॅनीला वाटलं, जमलं. जन्मात पहिल्यांदाच त्याने काहीतरी पुरं करत आणलं होतं.

चाल अर्ध्यावर आली तेव्हा पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"ऑर्लंडाच ही. जाडसर आवाज ऐक," एक जण म्हणाला.

"छे! एवढी खणखणीत? वॉल्ट्झमन आहे," दुसरा म्हणाला.

"मधल्या बटणावर ठेवलेली किमुरास्टार," गुरुदत्तने निर्वाळा दिला.

स्टॅनी थांबला. त्याने डोळे उघडले. "एक मिनिट," तो माईकमध्ये म्हणाला, "यात थोडा गैरसमज होतोय. मी काढत होतो तो आवाज ऑर्लंडाचाच, पण तिचा मानेकडचा. हाच जर मागच्या बाजूने काढला तर..." आणि त्याने तो मागच्या बाजूने काढून दाखवला. पहिल्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शंका विचारली. स्टॅनी स्टेजच्या कडेला आला, खाली बसला आणि शंकेचं निरसन करू लागला. मैदानाच्या मधोमध टिफनी ॲलिस्टरच्या खांद्यावरून डोकं उचलून, एक पाऊल उचललेल्या अवस्थेत, पुढच्या सुराची वाट बघत उभी होती.

ही हकीकत वसईपासून विरारपर्यंत अनेकांना सांगून झाली. मग टिफनी नाचली का, असं आजवर कुणीही विचारलेलं नाही. सगळे शेवटपर्यंत मन लावून ऐकतात, हळहळतात, स्टॅनीला नावं ठेवतात, आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणतात, "ते सगळं राहू द्या, पण तिघींत चांगली कुठली?"

तुम्हालाही विचारायचं असेल तर विचारा, लाजू नका. टिफनी थांबेल तोवर, तिला आता सवय झाली आहे.